‘ठणकतंय’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी दहाच्या सुमारास बाकावर बसून नुसतं ऐकावं. ‘दाढ ठणकतेय.’ ‘कमरेत उसण भरलीय.’ ‘पोटात कळ येते, थांबते, परत येते.’ ‘गुडघ्यातून चमक निघते.’ ‘पायाला मुंग्या येतात.’ ‘लघवीला चुरचुरतं.’ ‘डोळ्यात काहीतरी सलतंय.’ ‘अंग कसकसतंय.’ मराठी माणूस दुखण्याबद्दल बोलू लागला की ‘दुखतंय’ या एका शब्दावर थांबत नाही. कुठे, कसं, किती, थांबून थांबून की सतत, हे सगळं तो क्रियापदातच सांगून टाकतो.

आता केसपेपर पाहावा. तिथे बहुतेक वेळा इंग्रजीत एकच शब्द असतो: पेन. दाढेचा पेन, कमरेचा पेन, पोटाचा पेन, गुडघ्याचा पेन. रुग्णांनी आठ वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि कागदावर एकच उतरली.

यात डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. समोर शंभर जणांची रांग आहे. शिक्षण सगळं इंग्रजीत झालेलं, कान मराठी, आणि एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेत नेमका कसा न्यायचा हे कुणी कधी शिकवलेलंच नाही. इंग्रजीकडे शब्द नाहीत असंही नाही. ठणकण्याला ‘थ्रॉबिंग’ आहे, चमक निघण्याला ‘शूटिंग’, येऊन-जाऊन पिळवटणाऱ्या कळेला ‘कॉलिकी’, चुरचुरण्याला ‘स्मार्टिंग’ किंवा ‘बर्निंग’, मुंग्यांना ‘टिंगलिंग’. मंदपणे सतत दुखत राहण्याला ‘डल एक’ म्हणतात. शब्द आहेत, गरजेच्या क्षणी ते हाताशी येत नाहीत. हा प्रश्न एका दवाखान्यापुरता नाही, आणि त्यावरचा उपाय मराठी समाजाने गेली दीडशे वर्षं पुढे ढकललेला आहे.

शब्दांच्या या नेमकेपणाला वैद्यकात किती किंमत आहे, हे कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी दाखवून दिलं. अवयव कापून टाकल्यावरही तिथे वेदना जाणवणारे रुग्ण १९५०च्या दशकात त्यांच्या पाहण्यात आले आणि ते रुग्ण वेदनेसाठी जे शब्द वापरत ते त्यांनी टिपून ठेवायला सुरुवात केली. पुढे १९७१ मध्ये वॉरन टॉर्गरसन यांच्यासह त्यांनी असे शंभराहून अधिक इंग्रजी शब्द जमवून त्यांची गटवारी केली. १९७५ मध्ये त्यातून एक प्रश्नावली तयार झाली, ७८ शब्द आणि २० गट. एका गटातले शब्द एकाच जातीच्या वेदनेचे, पण चढत्या तीव्रतेने लावलेले. थडथडणाऱ्या वेदनेच्या पहिल्या गटातच सौम्यापासून असह्यापर्यंत सहा शब्द आहेत. रुग्णाने फक्त आपल्याला लागू पडणारा शब्द निवडायचा.

पुढच्या अभ्यासात असं दिसलं की वेगवेगळ्या आजारांचे रुग्ण वेगवेगळे शब्द निवडतात, आणि निवडलेल्या शब्दांवरून आजाराचा अंदाज बऱ्याच प्रमाणात बांधता येतो. मज्जातंतूची वेदना, दाढेची वेदना, प्रसूतीची वेदना, प्रत्येकीचे शब्द निराळे. ही प्रश्नावली नंतर अनेक भाषांमध्ये नेली गेली. तसं करताना साधं भाषांतर पुरत नाही असं लक्षात आलं. त्या त्या भाषेचे लोक दुखण्याबद्दल काय म्हणतात ते आधी गोळा करावं लागलं.

चक्करेचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ड्रॅकमन आणि हार्ट या अमेरिकी डॉक्टरांनी १९७२ मध्ये चक्कर येण्याच्या तक्रारीचे चार प्रकार मांडले, आणि वैद्यकाचे विद्यार्थी कित्येक वर्षं तेच शिकले. सगळं गरगर फिरतंय असं वाटणं, हा एक. शुद्ध हरपेल असं वाटणं, हा दुसरा. चालताना तोल जाणं, हा तिसरा. आणि डोकं नुसतं हलकं, रिकामं वाटणं, हा चौथा. इंग्रजी बोलणारा रुग्ण या चारही वेळा बहुधा ‘डिझी’ हाच शब्द वापरतो, म्हणून डॉक्टरांना खोदून खोदून विचारावं लागतं. मराठी रुग्ण काय म्हणतो? ‘गरगरतंय.’ ‘डोळ्यांपुढे अंधारी येते.’ ‘झोक जातो.’ ‘डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं.’ चार प्रकार, चार वेगळे शब्द, न विचारता मिळालेले. पहिल्याचं कारण बहुधा कानाच्या आतल्या भागात असतं, दुसऱ्याचं रक्तदाबात किंवा हृदयात. आजकालचे तज्ज्ञ शब्दाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ‘कधी येते आणि कशाने येते’ यावर भर देतात, आणि ते बरोबरच आहे. तरीही रुग्णांनी आपणहून दिलेली चार निराळ्या प्रकारची माहिती ‘गिडीनेस’ या एका शब्दात कोंबून टाकणं हे नुकसानच आहे. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे रुग्ण जातो तेव्हा त्याच्याबरोबर तो कागद जातो, त्याचं बोलणं जात नाही.

दवाखान्यात जे घडतं तेच न्यायालयात घडतं, आणि तिथे त्याचे परिणाम वर्षांत मोजले जातात. महाराष्ट्रात फिर्याद मराठीत नोंदवली जाते, पंचनामा मराठीत होतो, साक्षीदार मराठीत बोलतो. पण राज्यघटनेच्या ३४८व्या कलमानुसार उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. म्हणजे प्रकरण वर गेलं की फिर्यादीतलं वाक्य न् वाक्य कुणीतरी इंग्रजीत आणायचं असतं. भांडणाच्या फिर्यादीत हटकून येणारं एक वाक्य घ्या: ‘तुला बघून घेईन.’ शब्दाला शब्द ठेवला तर इंग्रजीत ते ‘आय विल सी यू’ होतं, म्हणजे निरोप घेताना मित्र मित्राला म्हणतो तसं काहीतरी. धमकीचा मागमूसही उरत नाही. उलट भाषांतरकाराने भरात येऊन ‘ठार मारीन’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला तर आरोपीवर अन्याय होतो. कारण भारतीय न्याय संहितेच्या ३५१व्या कलमात साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंतची. ‘बघून घेईन’ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. सूड उगवण्याची भाषा त्यात आहे, पण कसा ते सांगितलेलं नाही. ढकललं, लोटलं, रेटलं, धक्का मारला, हिसका दिला, यांतही फरक आहे. भाषांतरात या सगळ्यांचं ‘पुश्ड’ होतं. दमदाटी, धमकी, धाक आणि दरारा यांचीही तीच गत.

मग नेमका शब्द शोधायचा तरी कुठे? इंग्रजांनाही हा प्रश्न पडला होता, आणि त्याचं सर्वांत प्रसिद्ध उत्तर देणारा माणूस व्यवसायाने डॉक्टर होता हा योगायोग मनात भरतो. पीटर मार्क रोजे यांचा जन्म १७७९ मध्ये लंडनमध्ये झाला. मँचेस्टरच्या रुग्णालयात नोकरी करत असताना, १८०५ मध्ये, त्यांनी स्वतःच्या लिखाणाच्या सोयीसाठी शब्दांची एक वही केली. वर्णक्रमाने लावलेला शब्दकोश त्यांच्या कामाचा नव्हता. तिथे शब्द माहीत असेल तर अर्थ मिळतो. त्यांना हवं होतं ते उलट, अर्थ मनात तयार आहे पण शब्द आठवत नाही अशा वेळी उपयोगी पडणारं काही. जवळपास अर्धं शतक ती वही तशीच राहिली. लंडनच्या रॉयल सोसायटीचं सचिवपद एकवीस वर्षं सांभाळून १८४८ मध्ये ते मोकळे झाले आणि मग त्या वहीकडे वळले. १८५२ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, त्यांचा ‘थिसॉरस’ प्रसिद्ध झाला. माणसाच्या सगळ्या कल्पनांची सहा मोठ्या वर्गांत आणि एक हजार मथळ्यांत विभागणी, आणि प्रत्येक मथळ्याखाली शब्दांचा ताफा.

मराठी वाचकाला यातली एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. आपल्या आधी असा प्रयत्न कुणी केला याचा आढावा घेताना रोजे यांनी सर्वांत आधी नाव घेतलं ते अमरकोशाचं. कोलब्रुक यांनी केलेली अमरकोशाची इंग्रजी आवृत्ती १८०८ मध्ये श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, छापखान्यात निघाली होती. तिची नोंद त्यांनी केली आणि वर असंही लिहिलं की त्यातली वर्गवारी, विशेषतः अमूर्त कल्पनांची, अपुरी आणि गोंधळाची आहे. हा शेरा पूर्ण न्याय्य नाही. अमरकोश हा शोधून पाहण्याचा ग्रंथ नव्हताच, तो पाठ करण्याचा होता. महाराष्ट्रातल्या पाठशाळांमध्ये मुलं पिढ्यान्‌पिढ्या तो मुखोद्गत करत आली. स्वर्ग, पाताळ, भूमी, नगर, वनौषधी, मनुष्य असे त्याचे वर्ग, आणि शब्दाबरोबर त्याचं लिंगही तिथेच कळतं. अर्थाकडून शब्दाकडे जायची वाट आपल्याला नवीन नाही. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली झालेला राज्यव्यवहारकोश याच परंपरेतला: कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, तेही वर्गावर्गाने लावलेले.

रोजे यांच्या ग्रंथात मात्र एक मोठी उणीव आहे, आणि परभाषक वाचकाचा घात तिथेच होतो. त्यात शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत. ज्याला इंग्रजी मुरलेली आहे त्याला यादी पाहून आठवतं, ‘हां, हाच तो.’ ज्याला ती मुरलेली नाही तो यादीतला सगळ्यांत भारदस्त शब्द उचलतो. ‘स्ट्राँग’ आणि ‘पॉवरफुल’ एकाच यादीत असतात. पण कडक चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो, आणि मोटार ‘पॉवरफुल’ असते. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी दिलेलं हे उदाहरण आता पाठ्यपुस्तकांत आहे. असं का, याला तर्काने उत्तर नाही. मराठीतही पाऊस ‘मुसळधार’ असतो, ऊन ‘रणरणतं’ असतं आणि थंडी ‘कडाक्याची’. यातलं कोणतंही विशेषण इकडचं तिकडे चालत नाही, आणि का चालत नाही ते मराठी मुलाला कुणी समजावून सांगत नाही. ते त्याला ऐकून येतं. इंग्रजी ऐकून येण्याचं भाग्य महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांना नाही. त्यांना ते कुणीतरी लिहून द्यायला हवं.

जपानी मुलांना ते लिहून दिलं गेलं. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ पासून जपानमध्ये शिकवत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांना शब्दांचे अर्थ येत, पण वाक्यात शब्द बसवता येत नसे. कोणत्या क्रियापदानंतर काय येतं, कोणतं नाम मोजता येतं, कोणत्या शब्दाला कोणता शब्द सोबत लागतो, हे सांगणारा एक कोश त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केला. तो १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, टोकियोत निघाला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तोच नव्याने काढला, आणि आज जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती असलेला ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश त्याचीच पुढची पिढी. त्याचा जन्म इंग्लंडमधल्या नव्हे, जपानमधल्या विद्यार्थ्यांच्या अडचणींतून झाला. १९९३ मध्ये लाँगमन प्रकाशनाने ‘लँग्वेज ॲक्टिव्हेटर’ काढला. त्यात तर मूळ कल्पनेखाली शब्द दिलेले आहेत आणि प्रत्येकाचा बारीक फरक, वापराच्या वाक्यासह, सांगितलेला आहे. इंग्रजी लिहू पाहणाऱ्या कुणालाही तो डोळे झाकून सुचवावा.

पण या सगळ्या पुस्तकांची सुरुवात इंग्रजी शब्दापासून होते. ठाण्याच्या परिचारिकेच्या, लातूरच्या वकिलाच्या किंवा सांगलीच्या शिक्षिकेच्या मनातला अर्थ मराठीत असतो. तिथून सुरुवात करणारा कोश कोणता?

नाव घ्यायचं तर आजही मोल्सवर्थचंच घ्यावं लागतं. जेम्स टी. मोल्सवर्थ हे कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस या कँडी बंधूंच्या आणि मराठी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्यांनी १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, सुमारे चाळीस हजार शब्दांचा. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा शब्द साठ हजारांच्या घरात गेले होते. इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केला. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते हेच कँडी. मोल्सवर्थचं काम आजही थक्क करतं. शब्द कोकणातला की देशावरचा ते तो सांगतो, म्हणी देतो, आणि नामाबरोबर कोणतं क्रियापद चालतं तेही देतो, म्हणजे कळ ‘येते’ की ‘लागते’ की ‘निघते’. पाश्चात्त्य कोशकारांनी शब्दांच्या सोबतीकडे पद्धतशीर लक्ष द्यायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधी हे झालेलं आहे.

मात्र हा कोश कुणासाठी केला होता ते विसरता कामा नये. मराठी समजून घेऊ इच्छिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यासाठी. म्हणून तो मराठी शब्दाचं इंग्रजीत स्पष्टीकरण देतो. मराठी माणसाला वाक्यात तसाच ठेवता येईल असा इंग्रजी शब्द देणं हे त्याचं काम नव्हतं. शिवाय ती इंग्रजी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. त्यानंतरचा हिशेब थोडक्यात आटोपतो. १९११ मध्ये पुण्यात श्रीधर गणेश वझे यांचा आर्यभूषण शालेय मराठी-इंग्रजी कोश निघाला. तो खरोखर मराठी मुलांसाठी होता, पण शालेयच. फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेला कोश मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९चा कोश जुन्या मराठीच्या अभ्यासकांसाठी. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६० पासून जे पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आणि परिभाषा कोश काढले, त्यांची दिशा इंग्रजीकडून मराठीकडे, आणि राज्यकारभार मराठीत आणायचा असल्यामुळे ती योग्यच होती. पण मराठीत विचार करणाऱ्या प्रौढ माणसाला आजच्या इंग्रजीत नेमकं लिहिता यावं, एवढ्यासाठी केलेला मोठा कोश मराठीत झालेलाच नाही.

तो कसा असावा, हे एका शब्दावरून पाहता येतं. ‘भीड’ घ्या. बहुतेक लहान कोश ‘शायनेस’ देऊन मोकळे होतात. ‘चारचौघांत बोलायची त्याला भीड वाटते’ या वाक्यात ते चालेलही. पण ‘मामांची भीड पडली म्हणून हो म्हटलं’ यात लाजाळूपणाचा संबंध कुठे आला? तिथे अर्थ असा की नात्यापुढे, मानापुढे नाही म्हणता आलं नाही. इंग्रजीत त्याला सुटसुटीत नाम नाही. ‘आय कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टु रिफ्यूज’ असं अख्खं वाक्यच करावं लागतं. ‘तो कुणाची भीडभाड ठेवत नाही’ यात आणखी तिसरा अर्थ, तोंडावर स्पष्ट बोलण्याचा, त्याला ‘ब्लंट’ किंवा प्रशंसा असेल तर ‘फोर्थराइट’. कोशकाराने आधी मराठीतले हे तीन अर्थ वेगळे करायचे, मग प्रत्येकाला इंग्रजीत काय म्हणतात ते वाक्यासह द्यायचं. जिथे शब्द नाही तिथे ‘शब्द नाही, असं वाक्य करा’ हे सांगायचं धैर्यही त्याच्याकडे हवं.

‘जिद्द’चंही तसंच. मराठीत मुलगी जिद्दी आहे म्हणणं ही शाबासकी. हिंदीत ‘जिद्दी’ म्हणजे हट्टी, तक्रारीच्या सुरात. हिंदी-इंग्रजी कोश पाहून कुणी शिफारसपत्रात ‘स्टबर्न’ लिहिलं तर त्या मुलीचा प्रवेश धोक्यात येतो. हट्ट, हेका, आग्रह, जिद्द, चिकाटी ही एकाच घराण्यातली माणसं असली तरी इंग्रजीत त्यांना ‘टँट्रम’पासून ‘परसिव्हिअरन्स’पर्यंत वेगवेगळ्या वस्त्यांत राहावं लागतं.

मोबाइलवरचं यांत्रिक भाषांतर आता पुष्कळ सुधारलं आहे आणि ते वापरू नका असं कुणी सांगणार नाही. सरळ वाक्य ते सरळ नेतं. अडतं ते अर्थ संदर्भात दडलेला असतो तिथे, आणि चूक झाली तरी वाक्य इतकं सफाईदार दिसतं की ज्याला इंग्रजी कमी येते त्याला ती दिसतच नाही. ती पकडायची तर हाती प्रमाण कोश हवाच. शिवाय यंत्रालाही शिकायला चांगली मराठी सामग्री लागते, ती असे कोशच पुरवतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे: मराठीसाठी पैसा आणि माणसं आधीच कमी, मग ते इंग्रजीवर का घालवायचे? उत्तर असं की या कामाचा मोठा भाग मराठीचाच आहे. ‘भीड’चे अर्थ वेगळे करणं हे मराठीचं काम आहे. ठणकणं, सलणं, ठसठसणं, भणभणणं यांतला फरक लिहून काढणं हे मराठीचं काम आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. त्यानंतर जगण्यातले किती शब्द आले आणि किती शब्दांचे अर्थ सरकले, याची त्या तोडीची मोजदाद झालेली नाही. इंग्रजीच्या निमित्ताने ती होईल.

काम मोठं आहे हे खरं. ग्लासगो विद्यापीठात इंग्रजीच्या ऐतिहासिक थिसॉरसचं काम १९६५ मध्ये सुरू झालं आणि ग्रंथ छापून झाला २००९ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं. मध्ये १९७८ मध्ये इमारतीला आग लागली. शब्दांच्या चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत होत्या म्हणून वाचल्या. मराठीला मात्र शून्यापासून सुरुवात करायची नाही. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत शोधता येतात. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दजाल तयार झालेलं आहे. त्यात समानार्थी शब्दांचे संच आहेत आणि ते हिंदीमार्गे इंग्रजी संचांशी जोडलेले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. पैसा, जागा आणि निमित्त एकाच वेळी जुळून येण्याची अशी वेळ पूर्वी आली नव्हती.

रिद्धपूरच्या विद्यापीठाने हे काम अंगावर घ्यावं आणि साठ हजार शब्दांची वाट पाहत बसू नये. दवाखाना आणि न्यायालय या दोन ठिकाणी रोज लागणाऱ्या दोन हजार मराठी शब्दांपासून सुरुवात करावी. परिचारिका, निवासी डॉक्टर, न्यायालयीन भाषांतरकार आणि पोलीस ठाण्यातले अंमलदार यांना त्या कामात बरोबर घ्यावं, आणि तयार होईल तेवढा भाग लगेच मोबाइलवर मोफत द्यावा. यांतल्या अनेकांनी आपल्यापुरत्या वह्या केलेल्या असतात: रुग्ण असं म्हणाला की असं लिहायचं, साक्षीदार असं म्हणाला की असं. त्या वह्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या जपून ठेवाव्यात आणि काम सुरू होताच विद्यापीठाच्या स्वाधीन कराव्यात.